बुद्धीचें यंत्र आणि नोकरीचा प्रश्न

गेल्या दोन-तीन वर्षांत पुण्या-मुंबईच्या सुशिक्षित घरांतून एक प्रश्न वारंवार ऐकूं येऊं लागला आहे. मुलगा किंवा मुलगी बारावीला गेली, कीं पूर्वीं आईबाप निःशंक मनानें म्हणत, "काँप्युटरकडे घाला, म्हणजे चिंता मिटली." आतां तेच आईबाप विचारतात, कीं प्रोग्रॅम लिहिण्याचें काम जर यंत्रच करूं लागलें, तर चार वर्षें शिकून बाहेर पडणाऱ्या मुलानें करावयाचें काय? हिंजवडीस किंवा खराडीस एखाद्या कचेरींत पंधरा वर्षें नोकरी केलेला आणि डोक्यावर घराचें कर्ज असलेला गृहस्थही हाच प्रश्न मनांतल्या मनांत घोळवीत असतो. प्रश्न असा घराच्या उंबऱ्याच्या आंत आलेला असल्यामुळें त्याचीं उत्तरेंही बहुधा भीतीनें किंवा उत्साहानें दिलीं जातात. एक पक्ष म्हणतो, पांच वर्षांत प्रोग्रॅमर हा प्राणीच उरणार नाहीं; दुसरा म्हणतो, अशीं यंत्रें किती आलीं नि गेलीं, कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यांत थोडें थोडें तथ्य आहे, आणि तें तथ्य वेगळें काढून पाहणें हाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

उत्तर शोधण्यापूर्वीं प्रश्न नीट मांडला पाहिजे. 'नोकरी' आणि 'काम' हे दोन शब्द व्यवहारांत एकाच अर्थानें वापरले जातात. येथें मात्र त्यांतील भेद लक्षांत ठेवणें अवश्य आहे. एक नोकरी म्हणजे अनेक कामांची जुडी असते. प्रोग्रॅमरचा दिवस पाहिला, तर यंत्रास द्यावयाच्या आज्ञा लिहिणें हा त्यांतील एक भाग असतो. गिऱ्हाइकास नेमकें काय हवें आहे तें त्याच्या अर्धवट बोलण्यांतून ओळखणें, दहा वर्षांपूर्वीं दुसऱ्या कोणीं लिहून ठेवलेल्या आज्ञांचा अर्थ लावणें, चूक कोठें आहे तें हुडकणें, नवा भाग जुन्यास जोडतांना जुनें मोडणार नाहीं याची काळजी घेणें, आणि रात्रीं दोन वाजतां यंत्रणा बंद पडली असतां उठून ती सुरू करणें, हीं सारीं कामें त्याच जुडींत बांधलेलीं असतात. यंत्र कामें घेतें. नोकरी जाते कीं राहते, हें जुडींत मागें काय उरतें आणि उरलेल्याला बाजारांत किंमत किती, यावर ठरतें.

या दृष्टीनें संगणकाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे. 'काँप्युटर' हें आज यंत्राचें नांव असलें, तरी दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत तें माणसाच्या हुद्द्याचें नांव होतें. अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथें तोफेचा गोळा कोठें जाऊन पडेल याचीं कोष्टकें तयार करण्यासाठीं गणित शिकलेल्या पुष्कळ तरुणी नेमलेल्या होत्या, व त्यांना 'काँप्युटर' असेंच म्हणत. गोळ्याच्या एका मार्गाचें गणित हातयंत्रावर सोडवावयास त्यांना कित्येक तास लागत. पेन्सिल्व्हानिया विद्यापीठांत तयार झालेलें 'एनिॲक' हें यंत्र १९४६ च्या फेब्रुवारींत जगापुढें आलें, आणि तेंच गणित तें सुमारें अर्ध्या मिनिटांत करूं लागलें. हिशेबनिसाचा धंदा त्या दिवशीं संपला असें म्हणावयास हरकत नाहीं. परंतु त्या यंत्राला काम कसें करावयाचें हें सांगावयास माणसें हवींच होतीं. कॅथलीन मॅकनल्टी, जीन जेनिंग्ज इत्यादि ज्या सहा जणींनीं तें पहिल्यानें सांगितलें, त्या याच हिशेबनिसांतून निवडलेल्या होत्या. अशा रीतीनें एक धंदा मावळला त्याच खोलींत दुसरा उगवला, आणि त्या दुसऱ्या धंद्याचें नांव पुढें प्रोग्रॅमिंग असें पडलें.

हा नवा धंदा जन्मास येतो न येतो, तोंच त्याच्याही अंताचें भाकीत सुरू झालें. आरंभीं प्रोग्रॅम म्हणजे निवळ आंकड्यांची रांग असे. १९५२ सालीं ग्रेस हॉपर या विदुषीनें आज्ञांचे तयार तुकडे यंत्रानेंच जुळवून घ्यावेत अशी युक्ति काढली. १९५७ सालीं जॉन बॅकस व त्यांचे सहकारी यांनीं आय.बी.एम. कंपनींत 'फोरट्रान' ही भाषा सिद्ध केली, आणि पूर्वीं जेथें वीस आज्ञा लिहाव्या लागत तेथें सुमारें एक पुरूं लागली. त्या काळीं या पद्धतीस 'स्वयंचलित प्रोग्रॅमिंग' असेंच म्हणत. पाठोपाठ 'कोबोल' आली, आणि तिची भाषा इंग्रजीसारखी असल्यामुळें व्यापारी स्वतःच प्रोग्रॅम लिहितील, अशी आशा पुष्कळांस वाटली. १९८० च्या दशकाच्या आरंभीं जेम्स मार्टिन यांनीं प्रोग्रॅमरांवांचून प्रोग्रॅम कसे तयार होतील या विषयावर एक पुस्तकच लिहिलें. प्रत्यक्षांत मात्र दर खेपेस प्रोग्रॅमरांची संख्या वाढत गेली.

असें कां व्हावें, याचें उत्तर संगणकाच्या जन्मापूर्वींच विल्यम स्टॅन्ले जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानें कोळशाच्या संबंधांत देऊन ठेविलें होतें. वाफेचें यंत्र सुधारून कमी कोळशांत अधिक काम करूं लागलें, तेव्हां कोळसा वाचेल असें लोकांस वाटलें. परंतु वाफ स्वस्त झाल्यामुळें ती नवनव्या ठिकाणीं वापरली जाऊं लागली आणि कोळशाचा एकंदर खप वाढला. १८६५ सालीं जेव्हन्सनें दाखविलेला हा न्याय प्रोग्रॅमला पन्नास वर्षें लागू पडला. प्रोग्रॅम महाग होता तोंवर तो तोफखाना, विमा कंपनी आणि बँक यांनाच परवडे. स्वस्त झाला तसा तो आगगाडीच्या तिकिटांत, इस्पितळांत आणि अखेर भाजीवाल्याच्या खिशांतील फोनमध्यें जाऊन बसला.

भारतांतही हेंच नाटक घडलें. फक्त पात्रांच्या भूमिका थोड्या निराळ्या होत्या. १९६० च्या दशकांत आयुर्विमा महामंडळानें संगणक आणावयाचें ठरविलें, तेव्हां कलकत्त्याच्या कर्मचाऱ्यांनीं त्यास कडवा विरोध केला. बँकांतील कारकुनांच्या संघटनाही दीर्घ काळ विरोधांत होत्या. १९८३ सालीं त्यांच्याशीं करार झाला, १९८४ सालीं रंगराजन समितीचा अहवाल आला, आणि मग बँकांचीं खातेवहीचीं बाडें हळूहळू यंत्रांत गेलीं. त्याच सुमारास दुसऱ्या बाजूस एक नवी सृष्टि आकार घेत होती. १९६८ सालीं मुंबईस टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस निघाली; सेंट्रल बँकेच्या शाखांचा आपसांतील हिशेब जुळविणें हें तिच्या अगदीं आरंभींच्या कामांपैकीं एक होतें. १९८१ सालीं पुण्यांत सात इंजिनियरांनीं इन्फोसिस काढली. सन २००० जवळ आलें, तेव्हां जगांतील जुन्या प्रोग्रॅमांत सालाचे दोनच आंकडे लिहिलेले असल्याचा घोटाळा निस्तरावयास हजारों हात लागले, आणि ते भारतानें पुरविले. २०२४-२५ सालीं या धंद्यांत सुमारें ५८ लक्ष माणसें होतीं आणि त्याची उलाढाल सुमारें २८३ अब्ज डॉलर्स होती, असा नॅसकॉम या धंद्याच्या संघटनेचा अंदाज आहे. ज्या यंत्राच्या भीतीनें एका पिढीनें मोर्चे काढले, त्याच यंत्रानें पुढच्या पिढीस घरें बांधून दिलीं.

येथपर्यंतची हकीकत ऐकून कोणीही निश्चिंत होईल. परंतु निश्चिंत होण्यास ती पुरेशी नाहीं. धंदा वाढला म्हणून धंद्यांतील प्रत्येक माणूस तरला असा अर्थ होत नाहीं. अमेरिकेंत १९२० नंतर टेलिफोनचे जोड देण्याचें काम स्वयंचलित होऊं लागलें. तें काम करणाऱ्या तरुणींचें पुढें काय झालें, याचा मागोवा घेतां असें दिसून आलें, कीं त्या शहरांतील पुढच्या पिढीच्या मुलींना दुसरीं कामें मिळालीं. पण ज्यांची नोकरी गेली त्यांपैकीं अनेकजणी दहा वर्षांनंतर कमी पगाराच्या कामावर होत्या किंवा नोकरीबाहेर पडल्या होत्या. मराठी वाचकांस याहून जवळचें उदाहरण छापखान्यांतील जुळाऱ्याचें आहे. उलट्या अक्षरांचे शिशाचे खिळे न पाहतां उचलणारीं त्याचीं बोटें हेंच त्याचें भांडवल होतें. १९८० नंतर संगणकावर अक्षरजुळणी होऊं लागली आणि एका पिढीच्या आंत तो धंदा बहुतेक नाहींसा झाला. पुस्तकें कमी निघालीं नाहींत. परंतु पन्नाशींतल्या जुळाऱ्यास पुस्तकांच्या भरभराटीचा उपयोग काय? इतिहास देतो तें आश्वासन पुढच्या पिढीस असतें. चालू पिढीची तरतूद तिला स्वतःलाच करावी लागते.

आतां या नव्या यंत्राचें स्वरूप पाहिलें पाहिजे. २०१७ सालीं गूगलमधील आठ संशोधकांनीं 'ट्रान्सफॉर्मर' नांवाची रचना प्रसिद्ध केली. २०२१ सालीं प्रोग्रॅमरच्या शेजारीं बसून आज्ञा सुचविणारा 'कोपायलट' आला, आणि २०२२ च्या ३० नोव्हेंबरला 'चॅट-जी-पी-टी' लोकांच्या हातीं आला. या यंत्राच्या मुळाशीं असलेलें तत्त्व ऐकावयास अगदीं साधें आहे. अफाट मजकूर वाचवून त्यास एकच विद्या शिकविलेली असते: इतके शब्द झाल्यावर पुढचा शब्द बहुधा कोणता येईल, हें सांगण्याची. तो शब्द ठेवल्यावर पुन्हा पुढचा, असें करीत करीत पान भरतें. माणसांनीं लिहिलेले असंख्य प्रोग्रॅम या वाचनांत आले असल्यामुळें यंत्र प्रोग्रॅमही लिहितें. शिवाय कवितेपेक्षां प्रोग्रॅम त्यास अधिक सोयीचा पडतो, कारण तो चालवून पाहतां येतो. चुकला तर कळतें, आणि कळलें कीं पुन्हा प्रयत्न करतां येतो. मात्र संभव आणि सत्य यांतील भेद त्यास स्वभावतः ठाऊक नाहीं. कधीं कधीं तें जगांत मुळीं नसलेल्याच तयार प्रोग्रॅमचें नांव इतक्या आत्मविश्वासानें लिहून देतें, कीं नवखा मनुष्य तें शोधीत बसतो.

अशा यंत्रानें काम किती लवकर होतें, याचे प्रयोग झाले आहेत, आणि त्यांचीं उत्तरें परस्परांस छेद देतात. एका प्रयोगांत ९५ प्रोग्रॅमरांस एक ठराविक लहान प्रोग्रॅम लिहावयास दिला. यंत्राची मदत घेणाऱ्यांनीं तो सुमारें ५६ टक्के कमी वेळांत पुरा केला. २०२५ सालीं 'मेटर' या संस्थेनें १६ अनुभवी प्रोग्रॅमरांस त्यांच्या स्वतःच्या परिचयाच्या मोठ्या प्रोग्रॅमांतील २४६ कामें दिलीं. तेथें यंत्र हाताशीं असतां १९ टक्के अधिक वेळ लागला. मौज अशी, कीं काम संपल्यावरही त्या मंडळींना आपण २० टक्क्यांनीं लवकर आटोपलें असेंच वाटत होतें. यंत्रें झपाट्यानें सुधारत आहेत, तेव्हां हे आंकडे कायमचे धरून चालतां येत नाहीं. तरी त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते: कोऱ्या पाटीवर नवें व लहान कांहीं काढावयाचें असेल तेथें यंत्र तरबेज ठरलें, आणि जुन्या, मोठ्या, गुंतागुंतीच्या इमारतींत जेथें आधीं समजून घ्यावें लागतें तेथें तें अडखळलें.

फ्रेडरिक ब्रुक्स यांनीं १९८६ सालीं याच भेदावर बोट ठेविलें होतें. प्रोग्रॅम लिहिण्यांतील कांहीं अडचणी वरवरच्या असतात: भाषेचे नियम, टंकाचे दोष, त्याच त्याच आज्ञांची पुनरुक्ति. दुसऱ्या अडचणी विषयाच्या अंगभूत असतात: काय करावयाचें आहे हेंच ठरविणें. पहिल्या प्रकारच्या अडचणी कोणतेंही नवें साधन दूर करतें, दुसऱ्या उरतात. नवें यंत्र पहिल्या अडचणींचा बहुतेक फडशा पाडील असा रंग दिसतो. दुसऱ्यांत तें कितपत शिरेल, यावरच या धंद्याचें भवितव्य अवलंबून आहे.

याशिवाय एक गोष्ट अशी आहे, कीं जी बुद्धीच्या कक्षेंतील नसून उत्तरदायित्वाच्या कक्षेंतील आहे. ब्रिटनच्या टपाल खात्यांत 'होरायझन' नांवाची हिशेबाची यंत्रणा होती. तिच्या दोषांमुळें पोस्टांच्या खात्यांत पैसे कमी दिसूं लागले. यंत्र चुकणार नाहीं असें गृहीत धरून १९९९ पासून २०१५ पर्यंत खटले भरले गेले, आणि ९०० हून अधिक पोस्टचालक चोरीच्या किंवा खोट्या हिशेबाच्या आरोपाखालीं दोषी ठरले. त्यांतील कित्येक तुरुंगांत गेले, कित्येकांचीं घरें बुडालीं. २०२४ सालीं कायदा करून त्यांच्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ती यंत्रणा माणसांनींच लिहिलेली होती. उद्यां जी यंत्रानें लिहिलेली असेल, तिच्या चुकीबद्दल न्यायालयांत उभें कोण राहणार? यंत्रास शिक्षा होत नाहीं, लाज वाटत नाहीं आणि नोकरी जाण्याची भीतिही नसते. म्हणून जेथें पैसा, प्रकृति किंवा न्याय यांचा संबंध आहे, तेथें "हें मीं तपासलें आहे" असें म्हणून सही करणारा मनुष्य लागणारच. आणि ज्यास तपासावयाचें आहे त्यास तें काम स्वतः येत असलें पाहिजे.

खरी कोंडी येथेंच आहे. तपासणारा तयार होतो तो आरंभींचीं वर्षें लहानसहान कामें करून, आणि तींच लहानसहान कामें यंत्र प्रथम घेत आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्यें स्टॅन्फर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं अमेरिकेंतील पगारपत्रकांवरून असें दाखविलें, कीं २२ ते २५ वर्षांच्या सॉफ्टवेअर प्रोग्रॅमरांची संख्या २०२२ च्या अखेरीच्या मानानें सुमारें २० टक्क्यांनीं घटली; त्याच धंद्यांतील वयस्क मंडळींची घटली नाहीं. या घटीचा सगळा दोष यंत्राच्या माथीं मारतां येत नाहीं. कोरोनाच्या काळांत कंपन्यांनीं गरजेपेक्षां जास्त भरती केली होती, आणि पुढें व्याजाचे दरही चढले. परंतु घट नवख्यांच्याच वांट्यास आली, ही गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. टेलिफोनच्या वेळीं जुनी पिढी भरडली गेली आणि नवी तरली. या खेपेस दारांत उभ्या असलेल्यासच प्रथम अडविलें जात आहे.

भारतीय कंपन्यांच्या बाबतींत ही कोंडी अधिक बिकट आहे. त्यांची रचना देवळाच्या शिखरासारखी, खालीं रुंद व वर निमुळती असते. तळाशीं दरसाल नव्या पदवीधरांची मोठी भरती, वर थोडे अनुभवी; आणि गिऱ्हाइकास बिल बहुधा माणसांच्या तासांवर. दहा माणसांचें काम सहांकडून होऊं लागलें, तर गिऱ्हाईक दहांचे पैसे देणार नाहीं. २०२५ च्या जुलैंत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसनें आपल्या सहा लाखांहून अधिक नोकरांपैकीं सुमारें दोन टक्के, म्हणजे बाराएक हजार, कमी करण्याचें जाहीर केलें. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या पायऱ्यांवरील माणसें होतीं. कंपनीच्या प्रमुखांनीं त्याचें कारण यंत्र नसून नव्या कामास लागणारें कसब व हातीं असलेलीं माणसें यांचा मेळ बसत नाहीं हें आहे, असें सांगितलें. कारण कोणतेंही असो. ज्या घरांत ही बातमी पोंचली, तेथें तिचा अर्थ एकच झाला.

तेव्हां उत्तर असें मांडतां येईल. प्रोग्रॅम लिहिण्याचें निव्वळ हमालीचें काम टिकणार नाहीं; कोणी सांगितलेल्या आज्ञा दुसऱ्या भाषेंत उतरवून देणें एवढेंच ज्याच्या नोकरींत आहे, त्यानें सावध व्हावें. अमेरिकेच्या श्रमखात्यानेंही २०२३ ते २०३३ या दहा वर्षांसाठीं 'प्रोग्रॅमर' या सदरांत सुमारें १० टक्के घट आणि सॉफ्टवेअरची आंखणी व तपासणी करणाऱ्यांच्या सदरांत सुमारें १७ टक्के वाढ वर्तविली होती. म्हणजे एकाच छपराखालीं एक खोली रिकामी होईल आणि दुसरी भरेल. पहिल्या खोलींतून दुसरींत जाण्याचा जिना मात्र आपोआप बांधला जाणार नाहीं.

तो बांधण्याची जबाबदारी तिघांवर आहे. विद्यार्थ्यानें यंत्राचा उपयोग अवश्य करावा. परंतु पहिलीं दोन वर्षें उदाहरण स्वतः सोडवून मग यंत्राचें उत्तर पाहावें. गणकयंत्र घरोघरीं आलें तरी पाढे पाठ असलेल्या मुलासच उत्तर चुकलेलें चटकन कळतें. त्याखेरीज एखाद्या विषयाची, मग ती बँक असो, शेती असो वा रोगनिदान असो, आंतून ओळख करून घ्यावी. कारण काय हवें आहे हें ओळखणाऱ्याचें मोल वाढणार आहे. महाविद्यालयांनीं पाठ केलेल्या प्रोग्रॅमांवर गुण देणें सोडून दुसऱ्याच्या प्रोग्रॅममधील दोष काढावयास शिकवावें. आणि कंपन्यांनीं नवख्यांची भरती थांबवून आजची बचत साधतांना, दहा वर्षांनीं सही करावयास अनुभवी माणूस आणणार कोठून, याचाही हिशेब मांडावा. ज्या पेढीवर उमेदवार ठेवीत नाहींत, तेथें कांहीं वर्षांनीं मुनीमही मिळत नाहीं.

राहतां राहिला तो चाळिशीचा, कर्जबाजारी गृहस्थ. त्याला धीराचे शब्द सांगून त्याचा हप्ता भरला जाणार नाहीं. त्याच्याजवळ मात्र एक ठेव अशी आहे, जी यंत्राच्या वाचनांत आलेली नाहीं: कोणतें गिऱ्हाईक काय बोलतें आणि त्याचा अर्थ काय असतो, कोणती यंत्रणा कोठें दुबळी आहे, मागच्या खेपेस काय केल्यानें सगळें कोसळलें होतें. ही ठेव पदरांत असतां नवें साधन लवकर हातीं धरणें त्यास कठीण नाहीं. घरच्या माणसांनींही पगाराचा आंकडा दरसाल चढतच जाईल हा हिशेब थोडा आवरता घ्यावा आणि शिकण्यासाठीं त्यास आठवड्यांतील चार तास मोकळे द्यावेत. त्याच्या नोकरीचें रक्षण याहून अधिक कोणत्याही भाकितानें होणार नाहीं.